हत्ती, उंट आणि वजीर : बुद्धिबळाच्या मोहऱ्यांची नावे आणि रूपे

बुद्धिबळाचा पट मांडताना कोपऱ्यातील मोहऱ्याला आपण हत्ती म्हणतो. परंतु त्याला ना सोंड असते, ना सुळे. तो दिसतो एखाद्या किल्ल्याच्या बुरुजासारखा. त्याच्यापासून तिसऱ्या घरात जो उभा असतो त्याला आपण उंट म्हणतो; पण त्याच्या पाठीवर मदार नसते. डोक्याच्या जागी एक निमुळता घुमट असतो आणि त्या घुमटावर एक तिरकी चीर असते. राजाच्या शेजारचा वजीर तर मस्तकावर मुकुट धारण करतो आणि तो मुकुट राणीचा असतो. नाव आणि रूप यांचा मेळ असलेला मोहरा पटावर एकच, तो म्हणजे घोडा. वसतिगृहाच्या ओसरीवर शेकडो डाव मांडणाऱ्या मुलामुलींनाही ही विसंगती सहसा जाणवत नाही. कारण नाव आणि रूप या दोन्ही गोष्टी आपण बालपणी एकाच वेळी शिकतो आणि एकदा शिकलेल्या गोष्टीला प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला फारशी नसते.

हा प्रश्न विचारला, तर सुमारे दीड हजार वर्षांचा आणि तीन खंडांचा इतिहास उलगडू लागतो. त्या इतिहासाचे स्थूल दर्शन घडविणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तो समजून घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. मोहऱ्याचे नाव, मोहऱ्याचे रूप आणि मोहऱ्याचे सामर्थ्य या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी एकही लाकडाच्या अंगची नाही. तिन्ही माणसांनी ठरविल्या आणि वेळोवेळी माणसांनीच बदलल्या.

पट आधी, खेळ नंतर

आठ ओळी आणि आठ स्तंभांचा पट बुद्धिबळाहूनही प्राचीन आहे. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात श्रमणांनी ज्या करमणुकींपासून दूर राहावे त्यांची एक लांबलचक यादी आहे आणि तिच्यात ‘अट्ठपद’ व ‘दसपद’ या पटांवरील खेळांचा उल्लेख येतो. म्हणजे आठ घरांचा आणि दहा घरांचा पट त्या काळी लोकव्यवहारात इतका रुळलेला होता की, त्याचा मोह टाळण्यास सांगणे आवश्यक वाटावे. त्या उल्लेखाचा अर्थ तेव्हा बुद्धिबळ खेळले जात होते, असा मात्र नाही. त्या पटावर पुढे काही शतकांनी एक नवा खेळ उतरला, त्याचे नाव ‘चतुरंग’.

चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगे : हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. सातव्या शतकात बाणभट्टाने रचलेल्या ‘हर्षचरिता’त अष्टापद आणि चतुरंग या दोन शब्दांवर साधलेला एक श्लेष आढळतो. त्यावरून त्या काळापर्यंत हा खेळ उत्तर भारतात परिचित झाला होता, असे अभ्यासक मानतात. चार अंगांच्या मध्यभागी राजा आणि त्याचा मंत्री, अशी मांडणी होती. त्या काळच्या रणांगणाचे आणि राजसभेचे ते छोटेसे चित्रच होते. पटावर स्त्री नव्हती, धर्मगुरू नव्हता आणि बुरूजही नव्हता. ते सारे वाटेत भेटले.

अर्थ आणि उच्चार

भारतातून हा खेळ इराणात गेला. फिर्दौसीच्या ‘शाहनामा’त याविषयी एक रंजक कथा आहे. भारतीय राजाचा दूत नौशेरवान बादशहाच्या दरबारात पट घेऊन येतो आणि खेळाचे नियम ओळखून दाखविण्याचे आव्हान देतो. मंत्री बुजुर्गमिहिर ते कोडे सोडवितो. कथेचा भाग बाजूला ठेवला, तरी इराणी भाषेतील शब्द या प्रवासाची साक्ष देतात. ‘चतुरंग’ तेथे ‘चत्रंग’ झाला. हत्तीला ‘पील’, घोड्याला ‘अस्प’, रथाला ‘रुख’, पायदळाला ‘पियादा’ आणि मंत्र्याला ‘फर्जीन’ अशी नावे मिळाली. इराणी लोकांना हत्ती, रथ, मंत्री हे सारे ठाऊक होते. म्हणून त्यांनी नावांचा अर्थ समजून घेऊन आपल्या भाषेत त्यांना प्रतिशब्द दिले.

पुढे अरबांनी इराण जिंकले आणि खेळ त्यांच्या हाती आला. अरबी भाषेत ‘च’ आणि ‘ग’ हे ध्वनी नसल्याने ‘चत्रंग’चा ‘शतरंज’ झाला; ‘प’ नसल्याने ‘पील’चा ‘फील’ झाला. मात्र येथे एक महत्त्वाचा बदल घडला. घोडा आणि हत्ती यांना अरबीत अर्थ असलेली नावे होती. परंतु ‘रुख’ आणि ‘फर्जीन’ हे शब्द केवळ उच्चार म्हणून स्वीकारले गेले. ‘रुख’ म्हणजे रथ, हे हळूहळू विस्मरणात गेले. शब्द उरला, अर्थ ओसरला. पुढे युरोपात जे घडले त्याची बीजे येथेच पडली. कारण अर्थ हरवलेल्या शब्दात कोणीही आपला अर्थ भरू शकतो.

इराणी भाषेने दिलेल्या दोन शब्दांचे ऋण मराठी आजही वागवते आहे. राजावर चाल करून ‘शाह’, म्हणजे ‘राजा सांभाळा’, असा इशारा देत. त्यावरून आपला ‘शह’ आला. राजा हतबल झाला की ‘शाह मात’ म्हणत. त्यावरून ‘मात’ आली. इंग्रजीतील ‘चेकमेट’ हा शब्दही याच दोन शब्दांचा वंशज आहे. आज मराठी माणूस शहाला काटशह देतो, संकटावर मात करतो. ज्याने आयुष्यात कधी पट पाहिला नाही, त्याच्याही तोंडी ही भाषा असते.

रूपाचे अमूर्तीकरण

नावांप्रमाणे रूपेही बदलली. १९७७ मध्ये समरकंदजवळच्या अफ्रासियाब येथील उत्खननात हस्तिदंती मोहऱ्यांचा एक छोटा संच सापडला. बुद्धिबळाचे म्हणून ओळखता येतील अशा अतिप्राचीन मोहऱ्यांमध्ये त्याची गणना होते. त्यांत हत्ती हत्तीसारखा आहे, रथ रथासारखा आहे आणि त्यांवर स्वार असलेली माणसेही दिसतात.

याउलट, इराणातील निशापूर येथे घडविलेला बाराव्या शतकातील एक संच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात एकही प्राणी अथवा मनुष्य दिसत नाही. राजा आणि फर्जीन म्हणजे सिंहासनाची आठवण करून देणारे जाड ठोकळे. त्यांत फर्जीन तेवढा लहान. हत्ती म्हणजे गोलाकार खांब, त्याच्या माथ्यावर पुढे आलेली दोन टोके. ही टोके म्हणजे सुळे. घोड्याला असेच एक टोक, ते त्याचे मुख. रुख म्हणजे वरून खाच पाडलेला चपटा ठोकळा आणि प्यादे म्हणजे लहानशी घुमटी. सजीवांच्या प्रतिमा टाळण्याचा धार्मिक संकेत हे या बदलाचे एक कारण सांगितले जाते. दुसरे कारण व्यावहारिक असावे : असे मोहरे घडविण्यास सोपे, वापरण्यास टिकाऊ आणि किमतीला स्वस्त.

या साध्या ठोकळ्यांत खेळणाऱ्यांना हत्ती दिसत असे. कारण तो हत्ती आहे, हे त्यांना ठाऊक होते. ज्यांना ते ठाऊक नव्हते, त्यांच्या हाती हेच ठोकळे पडले, तेव्हा काय झाले?

दोन सुळ्यांची टोपी

स्पेन आणि इटलीच्या मार्गाने हा खेळ युरोपात पोहोचला. इसवी सन १००० च्या सुमाराचे एक लॅटिन काव्य स्वित्झर्लंडमधील आइनझीडेल्न येथील मठात जतन झाले आहे. बुद्धिबळाविषयीच्या युरोपातील अगदी आरंभीच्या लेखनात ते मोडते. युरोपीय लोकांच्या हाती आलेले मोहरे अमूर्त होते आणि त्यांची नावे परभाषेतील होती. बहुतेकांनी प्रत्यक्ष हत्ती कधी पाहिलाच नव्हता. मग दोन टोकांच्या त्या मोहऱ्यात ज्याला जे दिसले, ‘अल्-फील’ या शब्दात ज्याला जे ऐकू आले, ते त्याचे नाव झाले.

इंग्लंडमध्ये त्या दोन टोकांत ख्रिस्ती धर्मगुरूची मधोमध दुभंगलेली उंच टोपी दिसली आणि हत्तीचा ‘बिशप’ झाला. फ्रान्समध्ये तोच मोहरा ‘फू’, म्हणजे विदूषक, ठरला. इटलीत ‘अल्फिएरे’ हा निशाण धरणारा सैनिक उच्चाराने जवळचा वाटला. जर्मनांनी रूप आणि उच्चार दोन्ही सोडून चालीवरून नाव दिले : ‘लॉयफर’, म्हणजे धावणारा. स्पॅनिश भाषेने ‘अल्फिल’ हा शब्द तसाच ठेवला. त्या भाषेत त्याला दुसरा अर्थ नाही. रशियात मात्र त्याला आजही ‘स्लोन’ म्हणतात आणि स्लोन म्हणजे हत्ती. एकच ठोकळा, पण एका देशात धर्मगुरू, दुसऱ्यात विदूषक, तिसऱ्यात सैनिक आणि चौथ्यात हत्ती. आपल्या संचातील उंटाच्या डोक्यावर जी तिरकी चीर दिसते, ती या धर्मगुरूच्या टोपीची खूण आहे आणि त्या टोपीमागे हत्तीचे दोन सुळे दडलेले आहेत.

रुखाचेही असेच झाले. इटालियन भाषेत ‘रोक्का’ म्हणजे गढी. ‘रुख’शी असलेल्या या ध्वनिसाम्यामुळे आणि वरच्या खाचेमुळे त्यात तटबंदी दिसू लागली असावी. पश्चिम युरोपात तो बुरूज झाला. इंग्रजीने ‘रूक’ हा जुना उच्चार तेवढा जपला. रशियात त्याची नौका झाली, बंगालमध्येही तो ‘नौका’च आहे आणि थायलंडमध्येही त्याच्या नावाचा अर्थ नौका असाच होतो. जेथे नद्यांनी जीवन व्यापलेले आहे, तेथे रथापेक्षा नाव जवळची वाटावी, हे समजण्यासारखे आहे.

या रूपांतराचा सर्वांत बोलका पुरावा १८३१ मध्ये स्कॉटलंडच्या लुइस बेटावर सापडला. बहुतांशी वॉलरसच्या दातांतून कोरलेले हे मोहरे बाराव्या शतकातील असून ते नॉर्वेत घडविले गेले असावेत, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. त्यांतील राजे मांडीवर तलवार आडवी धरून बसले आहेत. राण्या एक हात गालाला लावून चिंतामग्न आहेत. धर्मगुरू टोपी आणि दंड धारण करून खरोखरच धर्मगुरू झाले आहेत. बुरुजाच्या जागी उभे असलेले काही योद्धे आपल्याच ढालीची कड दातांत धरून आवेशाने पाहत आहेत. चतुरंग सेनेची चार अंगे येथे युरोपीय दरबारात पूर्णपणे विरघळून गेली आहेत. या संचांतील एक हरवलेला योद्धा एडिंबरोतील एका व्यापाऱ्याने १९६४ मध्ये अवघ्या पाच पौंडांना विकत घेतला होता. त्याची खरी ओळख पटल्यावर २०१९ मध्ये लिलावात त्याला सात लाख पौंडांहून अधिक किंमत आली.

मंत्र्याची राणी

मूळ खेळातील मंत्री युरोपात राणी झाला. आइनझीडेल्नच्या काव्यातच त्याला राणी म्हटलेले आहे. राजाशेजारी त्याच्यासारखाच, पण लहान आसनस्थ मोहरा पाहिल्यावर तेथील लोकांना त्यात राणी दिसावी, हे स्वाभाविक होते. परंतु नाव बदलले म्हणून सामर्थ्य बदलले नाही. पुढील सुमारे पाचशे वर्षे ही राणी फर्जीनप्रमाणेच एका वेळी एकच घर आणि तेही तिरके चालत होती. पटावरील दुर्बळ मोहऱ्यांत तिची गणना होती. हत्तीची, म्हणजे नंतरच्या बिशपची, अवस्था तर आणखी बिकट. तो तिरकी दोन घरे उडी मारून जाई आणि त्यामुळे चौसष्टपैकी केवळ आठच घरे त्याच्या आवाक्यात येत.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे नियम बदलले. १४७५ च्या सुमारास स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे रचलेल्या एका काव्यात नव्या नियमांचा डाव वर्णिला आहे. १४९७ मध्ये लुसेना याने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जुने आणि नवे असे दोन्ही प्रकार आढळतात. नव्या नियमाने राणी सरळ आणि तिरकी, कितीही घरे चालू लागली. बिशपलाही तिरक्या रेषेत मोकळी वाट मिळाली. खेळाची गती एकाएकी इतकी वाढली की, फ्रान्समध्ये या प्रकाराला ‘पिसाळलेल्या राणीचे बुद्धिबळ’ असे उपहासाचे नाव पडले. याच काळात स्पेनमध्ये कॅस्टिलची राणी इसाबेला राज्य करीत होती. मॅरिलिन यालम या लेखिकेने पटावरील राणीच्या उदयाचा युरोपातील सत्ताधारी राण्यांशी संबंध जोडला आहे. हा संबंध कितपत थेट होता, यावर वाद होऊ शकतो. मात्र एक गोष्ट वादातीत आहे. दुर्बळ मोहरा पटावरचा सर्वांत समर्थ मोहरा झाला, तो लाकूड बदलल्याने नव्हे, तर नियम बदलल्याने. उपहास करणाऱ्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत आणि सारे जग त्याच नियमाने खेळते.

मराठीत मात्र या मोहऱ्याला राणीपद मिळाले नाही. आपण त्याला वजीरच म्हणत आलो. रशियन भाषेतही त्याचे नाव ‘फेर्झ’ असेच, म्हणजे फर्जीनचाच वंशज. चाल नवी, रूप राणीचे आणि नाव मंत्र्याचे : एकाच मोहऱ्यात तीन काळ एकत्र नांदतात.

पूर्वेकडील वाटा

हा प्रवास केवळ पश्चिमेकडे झाला नाही. चीनमध्ये मोहऱ्यांना आकार देण्याचा खटाटोपच केला नाही. चपट्या गोल चकत्यांवर अक्षरे लिहिली. कोपऱ्यात रथ, त्याच्याशेजारी घोडा आणि मग हत्ती, ही जुनी मांडणी तेथे टिकून आहे. जपानमध्ये मोहरे पाचरीच्या आकाराचे असतात आणि दोन्ही पक्षांचे एकाच रंगाचे असतात. याचे कारण नियमात आहे : तेथे जिंकलेला मोहरा आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरविता येतो. म्हणून पक्ष रंगाने न ओळखता पाचरीचे टोक कोणत्या दिशेला आहे यावरून ओळखतात. कालचा शत्रू आज आपला सैनिक होऊ शकत असेल, तर त्याला कायमचा रंग देऊन कसे चालेल?

थायलंडमध्ये प्याद्याला ‘बिया’ म्हणतात, म्हणजे कवडी; आणि पूर्वी खरोखरच कवड्या वापरत. प्याद्याला बढती मिळाली की, कवडी उलटी करून ठेवायची. दुसरा मोहरा शोधण्याची गरज नाही. तीच कवडी, फक्त दुसऱ्या बाजूने.

भारतातही एकच परंपरा नाही. केरळात आजही कोपऱ्यात ‘तेर्’, म्हणजे रथ, आणि तिसऱ्या घरात ‘आना’, म्हणजे हत्ती असतो. चतुरंगाची मूळ अंगे तेथे जवळजवळ अखंड राहिली आहेत. बंगालमध्ये नौका कोपऱ्यात आली. गज आपल्या जुन्या जागी राहिला. मराठी आणि हिंदी प्रदेशांत मात्र रथ पटावरून उतरला, त्याच्या जागी हत्ती कोपऱ्यात गेला आणि हत्तीच्या रिकाम्या घरात उंट आला. म्हणजे पुण्यातील खेळाडू आणि कोचीतील खेळाडू ‘हत्ती’ म्हणतात, तेव्हा ते दोन वेगळ्या मोहऱ्यांविषयी बोलत असतात.

प्याद्याचे नाव

आता सर्वांत शेवटच्या, खरे तर सर्वांत पुढच्या ओळीकडे वळू. मोठ्या मोहऱ्यांची नावे भाषा ओलांडताना मोडली, झिजली, बदलली. प्याद्याचा अर्थ मात्र बहुतेक ठिकाणी शाबूत राहिला. संस्कृतातील ‘पदाति’, इराणी ‘पियादा’, त्यावरून अरबी ‘बैदक’, स्पॅनिश ‘पेओन’, इंग्रजी ‘पॉन’ आणि आपले ‘प्यादे’ : या सर्व शब्दांच्या मुळाशी पाय आहे. पायी चालणारा तो प्यादा. ज्याच्याकडे वाहन नाही, त्याची ओळख कोणत्याही देशाला पुसता आली नाही.

रूपाच्या बाबतीत त्याच्या वाट्याला उपेक्षाच आली. लुइस बेटावरील संचांत राजापासून योद्ध्यापर्यंत प्रत्येकाला चेहरा आहे; प्यादी तेवढी बिनचेहऱ्याचे कोरीव ठोकळे आहेत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील याकोबस द चेसोलिस या धर्मोपदेशकाने प्रथमच आठही प्याद्यांना स्वतंत्र ओळख दिली : शेतकरी, लोहार, लेखनिक, व्यापारी, वैद्य, खानावळवाला, नगररक्षक आणि आठवा उनाड जुगारी. राजाइतकेच समाजाला यांचेही काम आहे, असे तो सांगतो. पण प्रत्येकाने आपापल्या जागी राहावे, असेही सुचवितो. त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर विल्यम कॅक्स्टनने १४७४ च्या सुमारास छापले आणि इंग्रजीतील आरंभीच्या मुद्रित पुस्तकांत त्याला स्थान मिळाले. जर्मन भाषेत प्याद्याला ‘बाउअर’, म्हणजे शेतकरी, म्हणतात.

शेवटच्या ओळीत पोहोचलेल्या प्याद्याला बढती मिळते, हा नियम प्राचीन आहे. परंतु त्यावरही अटी लादल्या गेल्या. मूळ राणी पटावर असेपर्यंत प्याद्याला राणी होता येणार नाही, असा नियम मध्ययुगीन युरोपात काही ठिकाणी होता. भारतीय पद्धतीत प्यादे ज्या घरात पोहोचले त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे पद त्याला मिळे. पंजाबातील एका जमीनदाराच्या पदरी असलेले मीर सुलतान खान हे या भारतीय नियमांवर वाढलेले खेळाडू. इंग्लंडला गेल्यावर त्यांनी युरोपीय नियम आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद पटकाविले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली, ती मृत्यूनंतर अनेक दशकांनी, २०२४ मध्ये.

रहीम यांच्या एका सुप्रसिद्ध दोह्यात प्याद्याच्या बढतीचा दृष्टान्त आहे. क्षुद्र माणूस वर चढला की तो गर्विष्ठ होतो. प्यादे फर्जी झाले की ते वाकडे चालू लागते, असा त्याचा आशय. शब्दांचा खेळ सुंदर आहे. परंतु फर्जीनचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला येथे थांबून विचार करावासा वाटेल. तिरके चालणे हा त्या काळी फर्जी या पदाचाच नियम होता. जन्माने फर्जी असलेला मोहरा तिरका चालला, तर ती त्याची चाल. आणि एकेक घर पायी चालून, वाटेतील प्रत्येक संकट पार करून जो त्या पदावर पोहोचला, तो तसाच चालला, तर तो त्याचा गर्व! मोहरा तोच नियम पाळत होता. फरक पाहणाऱ्याच्या नजरेत होता.

या नजरेला उत्तर देण्याचा एक प्रयत्न रशियन क्रांतीनंतर १९२० च्या दशकात झाला. शिल्पकार नताल्या डांको यांनी चिनीमातीचा एक संच घडविला. त्यात एका बाजूला भांडवलशाहीचे सैन्य आहे आणि त्याची प्यादी म्हणजे साखळदंडांनी जखडलेले श्रमिक. दुसऱ्या बाजूची प्यादी शेतकरी आहेत. तो संच अर्थातच प्रचारासाठी होता. तरीही पुढच्या ओळीत कोण उभे आहे, हा प्रश्न त्याने उघडपणे मांडला.

आजचे रूप

आपल्या हाती असलेला संच लंडनमध्ये जन्मला. एकोणिसाव्या शतकात युरोपात निरनिराळ्या धाटणीचे मोहरे वापरात होते. राणी कोणती आणि बिशप कोणता, हे परक्या खेळाडूला ओळखणे कठीण जाई. १८४९ मध्ये नथॅनियल कुक यांनी एक नवा नमुना नोंदविला, जॉन जॅक्स यांच्या कारखान्याने तो बाजारात आणला आणि त्या काळचे अग्रगण्य खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन यांचे नाव त्याला मिळाले. रुंद बैठक, मधला कमनीय खांब आणि माथ्यावर एकच ठळक खूण, ही त्याची वैशिष्ट्ये. घोड्याचे मस्तक ब्रिटिश संग्रहालयातील पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पांवरून सुचले, असे सांगतात. आज अधिकृत स्पर्धांमध्ये याच धाटणीचे मोहरे वापरतात. राजाची उंची साधारणतः साडेनऊ सेंटिमीटर आणि प्याद्याची पाच सेंटिमीटर.

या संचांचा एक धागा पुन्हा भारतात येतो. जगभर विकले जाणारे अनेक लाकडी संच अमृतसरच्या कारागिरांच्या हातचे असतात. इतर मोहरे लेथवर कातून निघतात. घोडा मात्र हातानेच कोरावा लागतो. म्हणून घोडा कोरणाऱ्याचे कसब निराळे मानले जाते आणि संचाची किंमतही बव्हंशी त्याच्यावर ठरते.

रूपाचा खरा उपयोग काय, हे दृष्टिहीन खेळाडूंच्या पटावर उत्तम प्रकारे कळते. त्या पटावरील काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला छिद्र असते आणि मोहऱ्यांना खाली खुंटी असते. त्यामुळे बोटांनी चाचपडताना मोहरे ढळत नाहीत. काळ्या मोहऱ्यांच्या माथ्यावर एक लहानशी खूण असते. ज्या स्टॉन्टन धाटणीत डोळ्यांना भेद कळतो, त्याच धाटणीत बोटांनाही तो कळतो. ज्याला नजरेने खेळता येत नाही, त्याच्यासाठी पट बदलला. खेळाडूला पटाबाहेर ठेवले नाही.

आता आरंभीच्या विसंगतीचे उत्तर मिळते. आपल्या संचाचे रूप लंडनहून आले, नावे उत्तर भारताच्या दरबारी परंपरेतून आली, नियम स्पेन आणि इटलीत घडले आणि पट मगधाच्या काळापासून येथेच होता. बुरुजाला हत्ती म्हणणारे मूल चुकत नाही. धर्मगुरूच्या टोपीला उंट म्हणणारेही चुकत नाही. प्रत्येक नाव कोणीतरी, कधीतरी आपल्या गरजेनुसार ठेवलेले आहे.

विद्यार्थ्यांना बुद्धिबळ शिकविताना आपण चाली शिकवितो, डावपेच शिकवितो. त्यासोबत हा इतिहासही सांगावा, असे मनापासून वाटते. एखादी गोष्ट अशीच का, असे मुलांनी विचारावे. आणि ‘पूर्वापार अशीच आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. दुर्बळ फर्जीन पाचशे वर्षे एकेक घर चालत राहिला, तोही ‘पूर्वापार’ होता. डाव संपल्यावर राजा आणि प्यादे एकाच डब्यात जातात, हे आपण नेहमीच ऐकतो. डाव चालू असतानाही ती एकाच लाकडाची असतात, हेही मुलांना कळलेले बरे.